बेगम बाजारातलं बिल आणि स्वतःला बदलणारा प्रोग्राम

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. हैदराबादच्या बेगम बाजारात बदाम, पिस्ते, अंजीर आणि खारीक यांच्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. स्टील, तांबं आणि ॲल्युमिनियमच्या घरगुती भांड्यांचंही तेच झालं. काजू आणि बेदाणे मात्र आधीपासूनच ५ टक्क्यांत होते, म्हणजे सगळ्या सुकामेव्याचा दर एका फटक्यात बदलून भागणार नव्हतं. जीएसटी परिषदेनं निर्णय घेतला ३ सप्टेंबरला. मधे उरले १९ दिवस. सुकामेवा आणि भांडी हे या बाजाराचे दोन मोठे धंदे, आणि दसरा-दिवाळी हा त्यांचा ऐन हंगाम. त्या सकाळी दुकानातल्या प्रत्येक संगणकावर नवे दर चालू असणं भाग होतं.

मुसी नदीच्या उत्तरेला, अफझलगंजला लागून असलेला हा बाजार दुसऱ्या निजामाच्या, निजाम अली खानच्या काळातला. त्याची बेगम हुमदा बेगम हिनं ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून बेगम बाजार. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. राज्यं वेगळी झाली तरी नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या दुकानदारांची इथे येऊन माल भरायची वाट मोडली नाही. बिल मात्र बदललं. तेलंगणातल्या गिऱ्हाइकाला केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच टक्के कर लागतो; देगलूरच्या गिऱ्हाइकाच्या त्याच बदामांवर आंतरराज्य कर म्हणून एकत्र ५ टक्के. ज्यांची वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, करावंच लागतं. घाऊक धंद्यात ही मर्यादा ओलांडायला फार मोठी पेढी असावी लागत नाही.

अशा दुकानांसाठी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम डोळ्यांसमोर आणू. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक कमांड द्यायची. तो दिवसभराच्या बिलांची फाइल वाचतो, दर आणि मालाचा वर्ग सांगणारा एचएसएन क्रमांक तपासतो आणि ई-इन्व्हॉइससाठी लागणारी फाइल तयार करून देतो. बहुतेक ठिकाणी ती कमांडसुद्धा कोणी टाइप करत नाही. बॅच फाइलवर क्लिक केलं की काम होतं. असा प्रोग्राम दोनशे दुकानांत बसला आणि त्याच्या मालकाला दर बदलायचे झाले, तर तो दोनशे ठिकाणी पेन ड्राइव्ह घेऊन फिरेल का? पूर्वी तसंच चालायचं. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी संगणक-दुरुस्तीच्या धंद्यातून १९९० च्या दशकात क्विक हील उभं केलं तो डॉसचा आणि फ्लॉपीचा जमाना होता. नवा व्हायरस आला की त्यावरचा इलाज फ्लॉपीतून हातोहात जायचा. आज प्रोग्रामनं स्वतःच नवी आवृत्ती आणावी आणि स्वतःची जागा तिला द्यावी अशी अपेक्षा असते. कमांड लाइनवरच्या जगात ही सोय रूढ आहे. रस्ट भाषेचं रस्टअप, पीएचपीचं कंपोझर, डेनो, वायटी-डीएलपी हे सगळे एका कमांडवर स्वतःला बदलतात. कंपोझर तर मागच्या आवृत्तीवर परत जाण्याचा पर्यायही देतो.

हे काम वरवर पाहता सोपं वाटतं: सर्व्हरला विचारा, फाइल उतरवा, जुनीच्या जागी ठेवा. शिकाऊ प्रोग्रामरही एका दिवसात लिहील. पण प्रोग्रामच्या इतर कुठल्याही भागात चूक राहिली तर पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करता येते. अपडेट करणाऱ्या भागातच चूक राहिली तर ती दुरुस्त करायला रस्ताच उरत नाही. म्हणून अख्ख्या प्रोग्राममध्ये हा एकच भाग असा आहे की जो पहिल्या आवृत्तीतच बरोबर असायला हवा.

सुरुवात आवृत्तीच्या क्रमांकापासून. प्रोग्राम बांधतानाच त्याच्या पोटात आपला क्रमांक कोरलेला असतो, समजा २.९.०. सर्व्हरवर एक लहानशी माहिती-फाइल असते. तीत ताजी आवृत्ती कोणती, ती कुठून उतरवायची, तिचा आकार किती, हे लिहिलेलं असतं. दोन क्रमांक ताडून पाहायचे. इथे एक जुनी चूक हमखास होते. क्रमांक अक्षरं म्हणून ताडले तर २.१० हा २.९ पेक्षा लहान ठरतो, कारण ९ च्या आधी १ येतो. मग २.९ वर बसलेली दुकानं कायम २.९ वरच राहतात आणि त्यांना तसं कळतही नाही. टिंबांच्या मधला प्रत्येक भाग आकडा म्हणूनच ताडावा लागतो.

किती वेळा विचारायचं, हाही प्रश्न आहे. प्रत्येक कमांडला विचारलं तर प्रोग्राम रेंगाळतो आणि इंटरनेट बंद असलं की अडकून बसतो. बिल करायला आलेल्या माणसाला अपडेटशी काही देणंघेणं नसतं. समोर हमाल उभा असतो, टेम्पो भरायचा असतो. गिटहब या प्रोग्राम ठेवायच्या संकेतस्थळाची कमांड लाइन चोवीस तासांत एकदाच नवी आवृत्ती आली का ते पाहते. हाच नेम चांगला. दोन-तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर गप्प बसावं आणि काम पुढे चालू ठेवावं. सूचना द्यायची तर तीही योग्य वाटेनं. कमांड लाइनच्या प्रोग्रामला बोलायला दोन वाटा असतात, एक निकालाची आणि एक तक्रारीची. 'नवी आवृत्ती आली आहे' हे वाक्य निकालाच्या वाटेवर छापलं तर ते ई-इन्व्हॉइसच्या फाइलमध्ये जाऊन बसतं आणि सरकारी पोर्टल ती फाइल परत पाठवतं. सूचना नेहमी तक्रारीच्या वाटेनं द्यावी, आणि प्रोग्राम माणूस नव्हे तर दुसरा प्रोग्राम चालवत असेल तर मुळीच देऊ नये.

विचारणा कोणाकडे करायची यातही बाजाराचं एक वैशिष्ट्य आड येतं. अनेक छोटे प्रोग्राम आपल्या आवृत्त्या गिटहबवर ठेवतात आणि तिथेच ताजी आवृत्ती विचारतात. ओळख न दाखवता विचारणाऱ्याला गिटहब एका इंटरनेट पत्त्यावरून तासाला ६० प्रश्नांची मुभा देतं. आपल्याकडे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. दुकानं सकाळी साधारण एकाच वेळी उघडतात. एका गल्लीतल्या सगळ्या संगणकांनी त्याच अर्ध्या तासात विचारलं तर काहींना नकार मिळणारच. उपाय दोन: माहिती-फाइल साध्या वेब सर्व्हरवर ठेवायची, जिथे अशी मोजणी नाही, आणि प्रत्येक संगणकानं आपली वेळ थोडी पुढे-मागे करून घ्यायची.

आता खरी अडचण: चालू असलेला प्रोग्राम स्वतःचीच फाइल कशी बदलणार? लिनक्सवर चालू प्रोग्रामच्या फाइलवर थेट लिहायला गेलं तर यंत्रणा नकार देते. मात्र नवी फाइल शेजारी उतरवून तिला जुन्या नावानं बसवता येतं. चालू असलेला प्रोग्राम तोवर जुन्या फाइलवर निवांत चालत राहतो. विंडोजवर चालू फाइल खोडता येत नाही, तिच्यावर लिहिताही येत नाही, पण तिचं नाव बदलता येतं. म्हणून जुनीचं नाव बदलायचं, नवी मूळ नावानं ठेवायची, आणि पुढच्या वेळी सुरू झाल्यावर जुनी खोडायची. दोन्हीकडे एक पथ्य आहे. नवी फाइल त्याच डिस्कवर, शक्यतो त्याच फोल्डरमध्ये उतरवावी. नाव बदलणं हे काम एका डिस्कवर एका क्षणात होतं. एका डिस्कवरून दुसरीकडे न्यायचं तर नक्कल करावी लागते, आणि नक्कल अर्धवट राहू शकते.

अर्धवट राहण्याची भीती उगाच नाही. वीज जाते. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली असते. गुमास्ता रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडतो. विंडोजवरच्या त्या युक्तीत दोन पायऱ्या आहेत, आणि पहिलीनंतर वीज गेली तर सकाळी त्या नावाचा प्रोग्रामच जागेवर नसतो. मला याहून चांगली वाटते ती दुसरी रचना. प्रत्येक आवृत्तीचं वेगळं फोल्डर ठेवायचं, २.९.० चं एक, २.१०.० चं दुसरं, आणि बाहेर एक अगदी छोटा सुरुवात करून देणारा प्रोग्राम. त्याचं काम एवढंच, की शेजारच्या एका लहान फाइलमध्ये कोणत्या आवृत्तीचं नाव आहे ते वाचायचं आणि ती चालवायची. नवी आवृत्ती तिच्या फोल्डरमध्ये पूर्ण उतरली, तपासून झाली, डिस्कवर पक्की लिहिली गेली, की मगच ती लहान फाइल बदलायची. मधे केव्हाही वीज गेली तरी काय चालवायचं हे त्या फाइलला माहीत असतं: एक तर जुनी आवृत्ती, नाही तर नवी. अर्धी कधीच नाही.

या रचनेत परत फिरणंही सोपं होतं. नवी आवृत्ती पहिल्यांदा नीट चालली की तिनं तशी खूण ठेवायची. दोनदा सुरू करूनही खूण दिसली नाही, तर सुरुवात करून देणाऱ्यानं आपणहून मागच्या आवृत्तीवर जायचं. दुकानदाराला फोन करावा लागत नाही आणि बिल थांबत नाही. फक्त एक गोष्ट सांभाळायची. नव्या आवृत्तीनं बिलांच्या फाइलची ठेवणच बदलली असेल तर जुनीला ती वाचता येणार नाही आणि परतीची वाट बंद होईल. म्हणून ठेवण बदलायची असेल तेव्हा एका आवृत्तीत फक्त नवी ठेवण वाचायला शिकवावं, आणि लिहायला त्याच्या पुढच्या आवृत्तीत सुरुवात करावी.

जुन्या संगणकांचंही पाहायला हवं. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला काढून घेतला, तरी तो असलेले संगणक अजून चालू आहेत. कमांड लाइनचे बरेच प्रोग्राम गो भाषेत लिहितात. त्या भाषेनं ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या १.२१ पासून विंडोज ७ सोडून दिलं. रस्टनं मे २०२४ मधल्या १.७८ पासून तेच केलं. म्हणजे प्रोग्रामरनं आपल्या टेबलावरची भाषा नवी केली, प्रोग्रामात एक अक्षरही बदललं नाही, तरी बांधलेली फाइल जुन्या संगणकावर सुरूच होणार नाही. यासाठी माहिती-फाइलमध्ये प्रत्येक आवृत्तीसाठी किमान कोणती विंडोज लागते ते लिहावं, आणि जुन्या संगणकाला त्याला चालेल अशी शेवटची आवृत्तीच द्यावी. असाच आणखी एक बारीक त्रास मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा. तो संपला की संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे जाते, सर्व्हरचं प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं दिसतं आणि जोडणी तुटते. अपडेटरनं तिथे नुसतं 'जोडणी अयशस्वी' म्हणू नये. 'संगणकाची तारीख चुकलेली दिसते' असं स्पष्ट सांगावं.

एवढं सगळं नीट जमलं तरी ते यंत्राचं काम झालं. अपडेटरचा गाभा दुसराच आहे. दुकानदार एकदा प्रोग्राम बसवतो आणि त्यानंतर आपल्या संगणकावर केव्हाही, न विचारता नवा प्रोग्राम आणून चालवण्याचा अधिकार कोणाला तरी देऊन टाकतो. तो अधिकार दुसऱ्याच्या हाती गेला तर?

२७ जून २०१७ ला नेमकं हेच झालं, आणि तेही एका कर-हिशेबाच्या प्रोग्राममधून. युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचा प्रोग्राम कंपन्या कराचे कागद भरायला वापरायच्या. हल्लेखोर त्याच्या अपडेट सर्व्हरमध्ये घुसले होते. त्या वर्षीच्या एप्रिलपासूनच काही अपडेटमधून त्यांनी एक चोरदरवाजा ग्राहकांच्या संगणकांत पोहोचवून ठेवला होता, आणि जूनअखेर त्यातून नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम सोडला. तो डिस्क निकामी करत नेटवर्कमधून पसरला. मर्स्क या जहाज कंपनीच्या ७६ बंदर टर्मिनलांपैकी १७ ठप्प झाली. त्यांत आपल्या न्हावा शेव्याचं, जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हेही होतं. उरणजवळ कंटेनर अडकले, कारण हजारो किलोमीटरवर कोणाच्या तरी हिशेबाच्या प्रोग्रामनं एक अपडेट उतरवलं होतं. मर्स्कला नंतर ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे करावे लागले. कंपनीच्या साऱ्या नेटवर्कची ओळखयादी सांभाळणाऱ्या सर्व्हरांपैकी एकच शाबूत सापडला, घानामधला, आणि तो वाचला कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती.

मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीच्या ईस्कॅन या अँटिव्हायरसबाबतही असा धडा आहे. एप्रिल २०२४ मध्ये अव्हास्ट या दुसऱ्या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी त्याची तपशीलवार हकिगत मांडली. अपडेट साध्या, कूटबद्ध नसलेल्या वाटेनं येत होतं. मधे बसलेले हल्लेखोर खरं पॅकेट काढून आपलं पॅकेट देत होते, आणि गप्टीमायनर नावाचा घातक प्रोग्राम अँटिव्हायरसच्याच हातून संगणकात उतरत होता. संशोधकांनी कंपनीला आणि सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा यंत्रणेला कळवलं, आणि त्रुटी दूर केल्याची पुष्टी कंपनीनं ३१ जुलै २०२३ ला दिली. बहुतेक अँटिव्हायरस सॉफ्टवेअरं संगणकाच्या सर्वांत आतल्या खोलीत वावरतात, म्हणून त्यांच्या अपडेटची वाट हल्लेखोरांना इतकी मोलाची वाटते.

दोन्ही घटनांवरचा इलाज एकच, डिजिटल सही. तिचं तत्त्व समजायला बेगम बाजारासारख्या पेठांत एके काळी चालणारी हुंडी आठवावी. हुंडी कोणत्या हरकाऱ्यानं आणली, वाटेत ती कोणाकोणाच्या हातांतून गेली, यावर पैसे मिळत नसत. ती लिहिणाऱ्याचं अक्षर आणि सही पेढीला ओळखू आली की मिळत. अपडेटचंही तसंच असावं. सर्व्हर हा फक्त हरकारा. प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्लीनं तो नव्या फाइलवर सही करतो. उघडी किल्ली प्रत्येक दुकानातल्या प्रोग्रामच्या पोटात आधीच ठेवलेली असते आणि तिनं सही फक्त पडताळता येते, करता येत नाही. एड२५५१९ या आज रुळलेल्या पद्धतीत उघडी किल्ली ३२ बाइटची आणि सही ६४ बाइटची. इतक्या छोट्या गोष्टीवर सगळा भरवसा उभा राहतो. पडताळणी नापास झाली तर उतरवलेली फाइल तिथेच फेकून द्यायची. 'तरीही बसवू का?' असा प्रश्नसुद्धा दुकानदाराला विचारायचा नाही.

बरेच जण इथे अर्ध्या उपायावर थांबतात. फाइलच्या शेजारी तिची एसएचए-२५६ बेरीज ठेवतात आणि उतरवल्यावर जुळवून पाहतात. फाइल अर्धवट उतरली किंवा बिघडली तर हे उपयोगी पडतं. पण सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस फाइल बदलेल आणि शेजारची बेरीजही बदलेल. एचटीटीपीएसचं, म्हणजे कूटबद्ध वाटेचंही तसंच, ते वाटेत घुसणाऱ्याला अडवतं, सर्व्हरवरच बसलेल्याला नाही. सही दोघांनाही अडवते, पण एका अटीवर: खासगी किल्ली त्या सर्व्हरवर नसावी. माझ्या मते अपडेटरबाबतचा हा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि त्यासाठी कोडची एकही ओळ लिहावी लागत नाही.

सहीलाही मर्यादा आहेत. २००८ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या जस्टिन कॅपोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्सच्या पॅकेज वितरणाचा अभ्यास करून दाखवलं, की हल्लेखोराला सही बनवायची गरजच नसते. तो जुनी, खरीखुरी सही असलेली, पण दोष माहीत असलेली आवृत्ती पुन्हा देऊ शकतो. किंवा 'नवीन काही आलेलं नाही' असं कायम सांगत राहू शकतो. या विचारातूनच पुढे द अपडेट फ्रेमवर्क तयार झालं. त्यातल्या दोन गोष्टी छोट्या प्रोग्रामनंही घ्याव्यात. सर्व्हरकडून आपल्याहून खालच्या क्रमांकाची आवृत्ती कधी स्वीकारू नये, आणि माहिती-फाइलवरही सही असावी व तिला मुदत असावी, म्हणजे शिळी माहिती फार दिवस खपणार नाही. २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात तर फाइलवर कंपनीचीच खरी सही होती, कारण घुसखोर प्रोग्राम बांधण्याच्या यंत्रणेतच शिरले होते. अशा हल्ल्यापुढे सही हतबल ठरते. तिथे बांधणीचा संगणक वेगळा आणि स्वच्छ ठेवणं हेच काम.

आता पुन्हा दरांकडे. २२ सप्टेंबरसाठी खरं तर नवा प्रोग्राम लागतच नव्हता. लागत होता नवा तक्ता. दर प्रोग्रामच्या पोटात न ठेवता वेगळ्या फाइलमध्ये ठेवले, आणि प्रत्येक दरापुढे 'या तारखेपासून' असं लिहिलं, तर तो तक्ता पंधरवडाभर आधी सगळीकडे पोचवता येतो. तारीख उजाडली की तो आपोआप लागू होतो. त्या सकाळी इंटरनेट असो वा नसो. दर ठरवताना संगणकाच्या घड्याळाकडे न पाहता बिलावरच्या तारखेकडे पाहावं. २० सप्टेंबरला १२ टक्क्यांनी विकलेले बदाम ऑक्टोबरमध्ये परत आले, तर त्यांची क्रेडिट नोट १२ टक्क्यांनीच निघते. म्हणून जुना दर पुसून नवा लिहायचा नाही. दोन्ही तक्त्यात राहतात.

पण तक्त्याचा अपडेट प्रोग्रामच्या अपडेटपेक्षा कमी धोक्याचा, असं मात्र कोणी समजू नये. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीनं भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर पाठवली ती प्रोग्रामची नवी आवृत्ती नव्हती, माहितीची एक फाइलच होती. तीत २१ रकाने अपेक्षित धरले होते. प्रोग्राम २० च पुरवत होता. एकविसावा वाचायला गेल्यावर तो कोसळला, आणि तो विंडोजच्या अगदी आतल्या थरात असल्यामुळे त्याच्याबरोबर संगणकही कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख. कंपनीनं ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली. तोवर बाधित झालेले संगणक मात्र पुन्हा सुरू होताच कोसळत होते, त्यामुळे दुरुस्त फाइल उतरवून घ्यायला ते जिवंतच राहत नव्हते. माणसांना एकेका संगणकापाशी जाऊन ती फाइल हातानं खोडावी लागली. त्या दिवशी हैदराबाद विमानतळावर प्रवाशांच्या हाती हातानं लिहिलेले बोर्डिंग पास होते.

तेव्हा तक्त्यालाही सही हवी, तो वाचताना रकाने मोजायला हवेत, आणि नवा तक्ता वाचता आला नाही तर कोसळण्याऐवजी जुन्यावर चालत राहून मोठ्यानं सांगायला हवं. दुसरी गोष्ट, सगळ्यांना एकाच वेळी पाठवायचं नाही. प्रत्येक ठिकाणी प्रोग्राम बसताना त्यानं शून्य ते नव्याण्णवमधला एक आकडा मनाशी धरून ठेवावा. माहिती-फाइलमध्ये लिहावं, की ही आवृत्ती सध्या पाचपेक्षा लहान आकडेवाल्यांसाठी. दोनशेपैकी साधारण दहा दुकानांत ती जाईल. एक दिवस बिलं नीट निघाली, तक्रार आली नाही, की पाचाचे पंचवीस करावेत, मग शंभर. या एका आकड्यानं क्राउडस्ट्राइकसारखा प्रसंग दहा दुकानांपुरता राहतो. आणि पुढचा प्रसार थांबवायचा झाला तर सर्व्हरवर तोच आकडा शून्य करायचा.

कुठे अपडेटरनं हात लावू नये तेही सांगायला हवं. प्रोग्राम लिनक्सच्या पॅकेज व्यवस्थेतून किंवा होमब्रूसारख्या साधनातून आला असेल, तर त्याची मालकी त्या व्यवस्थेकडे आहे. प्रोग्रामनं परस्पर स्वतःला बदललं तर तिचे हिशेब चुकतात. तिथे फक्त 'नवी आवृत्ती आली आहे, अमुक कमांडनं घ्या' एवढं सांगावं. अपडेट बंद ठेवण्याची एक उघड सोयही असावी. ऐन धनत्रयोदशीला कोणत्याही दुकानदाराला आपला संगणक जसा आहे तसाच हवा असतो, आणि तो त्याचा हक्क आहे.

छोट्या गावांत आणि पेठांत बिलांचे, हिशेबांचे असे प्रोग्राम एकटी माणसं लिहितात, आणि दुकानदार त्यांना कंपनी म्हणून नव्हे, माणूस म्हणून ओळखतो. अशा एकट्या प्रोग्रामरला माझं सांगणं आहे. सही करायची खासगी किल्ली इंटरनेटला कधीच न जोडलेल्या एका वेगळ्या संगणकावर ठेवा, तिची एक प्रत कुलपात ठेवा, आणि ती हरवली तर काय, यासाठी दुसरी एक उघडी किल्ली पहिल्याच आवृत्तीत घालून ठेवा. एवढं करणं जमणार नसेल, तर स्वतःला बदलणारा प्रोग्राम लिहूच नका. नवी आवृत्ती आल्याची फक्त सूचना द्या, आणि फाइल दुकानात जाऊन स्वतःच्या हातानं बसवा.